पहाटे शरीर हलत नाही आणि दिवसा स्वतःचा हात परका वाटतो, हा डिसोसिएशनचा आजार आहे का?

तुम्ही लिहिले आहे की निपाणीहून बेळगावला येऊन टिळकवाडीत खोली घेऊन परीक्षेचा अभ्यास करताना अलीकडे पहाटे जाग येते, डोळे उघडे असतात, पण हातपाय हलत नाहीत, छातीवर दाब येतो आणि दाराशी कोणीतरी उभे असल्याचे जाणवते. एकदा आपण वरून आपल्याच अंगाकडे पाहत आहोत असाही भास झाला, आणि आता दिवसा लिहिता लिहिता हात आपला नाही असे वाटून भीती बसली आहे. हे डिसोसिएशन, म्हणजे स्वतःपासून किंवा भोवतालापासून तुटल्यासारखे वाटणे, आहे का, यातून वेड लागेल का, असा तुमचा प्रश्न आहे. मी डॉक्टर नाही. उद्यमबागेतील एका फौंड्रीत मी अनेक वर्षे रात्रपाळी केली आणि या दोन्ही अनुभवांतून गेलो, त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञांनी जे समजावले आणि नंतर वाचनातून जे कळले, ते सांगतो.

पहाटेच्या प्रकाराला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. ज्या झोपेत स्पष्ट स्वप्ने पडतात त्या रेम झोपेत मेंदू अंगाच्या बहुतेक स्नायूंना रोखून धरतो, म्हणून स्वप्नात आपण धावलो तरी अंथरुणात धावत नाही. कधीकधी जाणीव आधी जागी होते आणि ही रोख काही सेकंद ते काही मिनिटे तशीच राहते. श्वासपटलाचे काम चालू असते, त्यामुळे श्वास थांबत नाही. मात्र छातीचे इतर स्नायू सैल असल्याने हवा तसा खोल श्वास घेता येत नाही, आणि तेच ओझे वाटते. स्वप्नही पुरते संपलेले नसते, म्हणून दाराशी माणूस दिसतो. रेम झोप रात्रीच्या उत्तरार्धात अधिक असल्याने हे पहाटे घडणे स्वाभाविक आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ३५ अभ्यासांची माहिती एकत्र केली होती. त्यानुसार सर्वसामान्य लोकांपैकी सुमारे ८ टक्के आणि विद्यार्थ्यांपैकी सुमारे २८ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आलेला होता.

मला हे रात्रपाळीहून येऊन सकाळी झोपल्यावर व्हायचे. अंगणात आई खराट्याने झाडत असल्याचा आवाज स्वच्छ ऐकू यायचा, खुंटीवर टांगलेला कामाचा शर्ट दिसायचा आणि बघता बघता त्या शर्टाला खांदे फुटायचे. आईला हाक मारावी तर जीभ उचलायची नाही. घरच्यांनी बाहेरची बाधा समजून उताराही टाकला. त्यांची काळजी खरी होती, परंतु माझी झोप तुटलेलीच राहिली आणि त्रासही राहिला.

वरून स्वतःला पाहण्याच्या अनुभवाने तुम्ही सर्वांत जास्त घाबरला आहात, असे तुमच्या लिहिण्यावरून वाटते. आपण आपल्या शरीरात आहोत ही जाणीव मेंदू डोळे, कान, त्वचा आणि तोल यांच्याकडून येणाऱ्या माहितीतून सतत तयार करत असतो. २००२ साली स्वित्झर्लंडमधील डॉक्टरांनी अपस्माराच्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूच्या उजव्या बाजूच्या विशिष्ट भागाला हलका विद्युतप्रवाह दिला, तेव्हा आपण वरून स्वतःला अंथरुणावर पाहत आहोत असे तिला जाणवले. झोप आणि जाग यांच्या सीमेवर ही जुळणी क्षणभर बिघडू शकते.

आता दिवसाच्या अनुभवाविषयी. हात परका वाटणे याला डीपर्सनलायझेशन म्हणतात आणि ते डिसोसिएशनमध्येच मोडते, हे मी लपवत नाही. परंतु अपुरी झोप, चिंता किंवा अति थकवा असताना असे तात्पुरते वाटणे पुष्कळांना होते, आणि त्यात हात खरोखर आपलाच आहे हे माणसाला पक्के ठाऊक असते. तुम्हीही ‘असे वाटते’ असेच लिहिले आहे, आणि तो फरक फार महत्त्वाचा आहे. माझे खडे बाजारात असे व्हायचे. ओळखीची दुकाने काचेपलीकडे असल्यासारखी भासायची. मग मी दर थोड्या वेळाने हात निरखायचो, आरशात पाहायचो, अजून तसेच वाटते का हे तपासायचो. डॉक्टरांनी माझे नेमके हेच तपासणे पकडले. लक्ष सतत स्वतःच्या जाणिवेवर रोखले की ती जाणीव अधिकच परकी होते, त्यातून भीती वाढते, भीतीने झोप उडते आणि तुटलेल्या झोपेतून पहाटेचा प्रकार पुन्हा येतो. म्हणून रात्री मोबाईलवर लक्षणे शोधणे आणि दिवसा स्वतःची परीक्षा घेणे, या दोन गोष्टी आधी थांबवा, असे मी कळकळीने सांगेन. तसे वाटले तर वाटू द्यावे आणि हातातले काम पुढे चालू ठेवावे. सुरुवातीला हे फार जड जाते.

झोपण्या-उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, अगदी सराव परीक्षेच्या आदल्या रात्रीसुद्धा, आणि किमान सात तास झोप होऊ द्या. उताणे झोपल्यावर हा त्रास अधिक होतो, म्हणून कुशीवर झोपा. संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळा. अंग अडकले असताना सर्व बळ लावून उठण्यापेक्षा पायाचे एक बोट हलवण्याचा प्रयत्न करणे मला सोपे गेले.

तरीही एकदा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. दिवसा अनावर झोप येणे किंवा हसताना गुडघ्यांतील बळ जाणे, झोपेत जीभ चावली जाणे किंवा लघवी होणे, मधल्या वेळेचे काहीच न आठवणे, पूर्ण जागेपणी आवाज ऐकू येणे, यांपैकी काही असेल तर लवकर जा. जीव द्यावासा वाटत असेल तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालू असतो, आणि तेथे भाषा निवडता येते. बेळगावहून धारवाडची डिम्हान्स ही मानसिक आरोग्य संस्थाही जवळ आहे. कन्नडमध्ये नीट सांगता येणार नाही अशी शंका असेल तर काय होते, किती वाजता होते, किती वेळ टिकते आणि त्या रात्री किती झोप झाली होती, हे मराठीत लिहून न्या आणि कन्नड येणाऱ्या मित्राला सोबत घ्या. घरी सांगताना मानसिक आजाराचा विषय आधी न काढता झोपेच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे जात आहे असे सांगितले तरी ते खोटे ठरणार नाही.