मिश्री लावणारी बाई तपासणीला परत यावी म्हणून

बाळ,

उपकेंद्रावर मुख तपासणीला बाकी सगळे येतात, पण ज्यांनी यायला हवं तेच टाळतात, असं तू लिहिलंस. टाळणारच. मिश्री लावणाऱ्या बाईला ती चारचौघांत बोलणी खायची जागा वाटते.

फॉर्म भरताना "तंबाखू खाता का?" विचारलंस तर ती सरळ "नाही" म्हणेल, आणि तिच्या मते ते खरंच असतं. तव्यावर भाजलेली तंबाखू ती दाताला लावते. व्यसन असतं ते नवऱ्याला! "मिश्री दिवसातून किती वेळा लावता?" असं विचार, लगेच सांगेल.

मिश्री सोडायचं तपासून झाल्यावर एकदाच, हळू आवाजात सांग. सोडली नाही तरी तपासायला यायचंच, हेही सांग.

केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली, तीही पुन्हा पुन्हा. 2005 साली निष्कर्ष आले: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. न घेणाऱ्यांत तसा फायदा दिसला नाही. म्हणून शिबिरात निर्व्यसनी तोंडं मोजून रजिस्टर भरण्यात फार जीव घालू नकोस. (वरून टार्गेट येतं, ठाऊक आहे.)

"दुखत नाही, मग कशाला?" हे तुला रोज ऐकू येईल. सुरुवातीला दुखतच नाही, तीच तर अडचण. हातात छोटा आरसा दे. गालाच्या आतला पांढरा किंवा लाल चट्टा तिचा तिला दिसू दे. तोंड पुरतं उघडतं का हे कळायला तोंडात तीन बोटं उभी जातात का, तेही तिलाच करून बघायला लाव.

सरकारी वेळापत्रकात पाच वर्षांनी तपासणी आहे. रोज मिश्री लावणारीसाठी हे अंतर माझ्या मते फार झालं. बीपीच्या गोळ्यांना ती दर महिन्याला येतेच ना? अधूनमधून तेव्हाच टॉर्च मारून तोंड बघ. "कॅन्सरची तपासणी" अशी वेगळी रांग लावलीस तर कुणी फिरकणार नाही.

माणसं खरी गळतात ती जिल्हा रुग्णालयात पाठवताना. प्रत्येक चट्टा कॅन्सर नसतो, हे आधी सांग. तपासायला चट्ट्याचा तुकडा काढला की रोग पसरतो, असं काहीतरी खोटं तिला शेजारणीनं सांगितलेलंच असतं; तिनं विचारायची वाट न बघता तूच तो विषय काढ. चिठ्ठीवर ओपीडीचा वार आणि खोली नंबर लिही, आशाताईंना सोबत पाठव. आणि तो वार पेरणीत किंवा ऊसतोडीत येत नाही ना, ते तिलाच विचारून ठरव.

तुझी,
सिस्टर