वाचकांचे प्रश्न: खाणीतला दगड ते स्लॅबची खडी

प्रश्न: घराच्या स्लॅबसाठी आलेल्या 20 मिमी खडीत निम्मे तुकडे चपटे आहेत आणि हाताला राखाडी भुकटी लागते. पुरवठादार म्हणतो, पारसिकच्या डोंगराचा काळा दगड फुटतोच असा. खरं आहे का?
— एक वाचक, घणसोली

उत्तर: अर्धंच खरं. हा बेसाल्ट. बारीक कणांचा, घट्ट दगड, त्यामुळे फुटताना त्याच्या धारदार चिपा सुटतात. पण त्या चिपा तुमच्या गाडीत किती याव्यात, हे क्रशर कसा चालवलाय यावर ठरतं.

खाणीत आधी वरची माती आणि मुरूम काढून पक्का दगड उघडा करतात. मग साधारण 6 मीटर उंचीच्या पायऱ्या पाडून वॅगन ड्रिलने सुमारे 100 मिमी व्यासाची भोकं घेतात, त्यात सुरुंगाची दारू भरतात आणि तोंड ग्रिटने, म्हणजे बारीक खडीने, ठासून बंद करतात. ठासणी कमी पडली तर वायू वरूनच निसटतो: दगड लांब उडतात, खाली मात्र मोठाले धोंडे तसेच राहतात. ते ब्रेकरने फोडावे लागतात. दगड भरतानाच नजर हवी. दोन लाव्हाथरांच्या मधली तांबडी माती किंवा पांढऱ्या खड्यांनी भरलेला जाळीदार दगड डंपरमध्ये गेला, की पुढे तो निवडून काढता येत नाही. जाळीदार दगड पाणी पितो आणि दाबाखाली लवकर चुरतो.

क्रशरवर दगड हॉपरमधून आधी ग्रिझलीवर, म्हणजे जाड लोखंडी गजांच्या जाळीवर, येतो. तिथल्या फटींतून माती आणि बारीक चुरा बाजूला पडायला हवा. पावसाळ्यात चिखलाने त्या फटी बुजतात, मग तीच माती खडीवर लेप बनून बसते. पुढे जॉ क्रशर (दोन जबड्यांत दगड चिरडणारा), मग कोन क्रशर (डोलत्या शंकूने आणखी बारीक फोडणारा), मग थरथरती चाळणी. चाळणीवरून 20 मिमी, 10 मिमी आणि कच (बारीक चुरा) वेगळी होते, मोठे तुकडे पट्ट्यावरून परत कोनमध्ये जातात.

चपटेपणाचं मूळ इथेच आहे. कोन क्रशर भरलेल्या पोटाने चालला तर दगड दगडावर दाबला जातो, चिपांच्या कडा तुटतात आणि तुकडा चौकोनी निघतो. माल कमी सोडला तर दगड दोन लोखंडी पत्र्यांमध्ये एकदाच चिरडतो आणि चीप जशीच्या तशी बाहेर पडते. नुसत्या जॉवर एका दमात 20 मिमी काढणाऱ्या क्रशरची खडी तर हमखास चपटी. चांगल्या क्रशरवर शेवटी व्हीएसआय (उभ्या अक्षावर फिरणारं फोडयंत्र) असतो, तो दगडावर दगड आपटून कडा मोडतो.

आता तुमच्या ढिगाकडे या. ढिगाच्या पायथ्याशी मोठे तुकडे घरंगळलेले असतात, म्हणून तीन-चार जागी आत हात घालून नमुना घ्या. 20 मिमी चाळणीतून गेलेल्या आणि 16 मिमीवर राहिलेल्या तुकड्यांची सरासरी 18 मिमी. ज्या तुकड्याची जाडी या सरासरीच्या 0.6 पटीहून, म्हणजे 10.8 मिमीहून कमी, तो चपटा. आयएस 383 (2016) या खडी-वाळूच्या भारतीय मानकाप्रमाणे चपटे आणि लांबट तुकडे मिळून 40 टक्क्यांपेक्षा जास्त नकोत, आणि फोडलेल्या खडीत 75 मायक्रॉनहून बारीक भुकटी 1 टक्क्याच्या आत हवी.

भुकटी पाण्याने धुऊन जाते. पण धुतलेली खडी निथळू द्या, नाहीतर काँक्रीटमध्ये पाणी वाढतं. चपटेपणाला साइटवर इलाज नाही. अशी खडी सळ्यांच्या जाळीवर आडवी अडकते, खाली पाणी साचतं, पोकळ्या राहतात. मिस्त्री काम सोपं व्हावं म्हणून आणखी पाणी ओततो आणि ताकद तिथेच जाते. निम्मे तुकडे खरंच चपटे भरले तर गाडी परत पाठवा. स्लॅब एकदाच पडतो.

प्रश्न: क्रश सँड आणि कच एकच का? कच स्वस्त मिळते.
— एक वाचक, कळवा

उत्तर: नाही. कच म्हणजे खडी फोडताना पडलेला चुरा: कण चपटे, भुकटी बेसुमार. क्रश सँड मुद्दाम व्हीएसआयवर काढून, धुऊन किंवा हवेने भुकटी उडवून तयार करतात. तिच्यात 75 मायक्रॉनखालचा भाग 15 टक्क्यांपर्यंत चालतो. कच भरावाला आणि पेव्हर ब्लॉकखाली वापरा, स्लॅबला नको.

प्रश्न: ब्रास मोजताना फसवणूक कशी टाळावी?
— एक वाचक, तुर्भे

उत्तर: ब्रास म्हणजे 100 घनफूट. डाला (ट्रकचा हौदा) आतून मोजा: 12 फूट लांब, 7 रुंद आणि माल 3 फूट उंच असेल तर 252 घनफूट, अडीच ब्रास. वाटेत खडी बसते, म्हणून उंची क्रशरवर भरतानाच ठरवून घ्या. वजनकाट्याची पावती मागा. 20 मिमी खडीचा ब्रास सव्वाचार टनांच्या आसपास भरतो. क्रश सँड ओली असेल तर फुगलेली असते, मोजमापात पाचवा हिस्सासुद्धा नुसता फुगवटा निघू शकतो. तिचा भाव शक्यतो टनावर ठरवा, आणि वजनातलं पाणी वजा करायला आधीच सांगा.