दुष्काळावरची बोधकथा लिहिताना

तुमच्या कथेतली चिमणी एकटीच आभाळाकडे पाऊस मागते, हे मला खटकले. आपल्या मराठवाड्यात दुष्काळ कोणी एकट्याने काढलेला नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेस १० वाघिणींतून (रेल्वेच्या टाकीच्या डब्यांतून) सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन, तेव्हाही ते घागरीत पडेपर्यंत कितीतरी हात लागले होते. म्हणून चिमणीला आडातला गाळ वाहणाऱ्या मुंग्यांची सोबत द्या, आणि आधी वाटा नाकारून मग स्वतःच्या बिळातली ओल दाखवणारा एक बेडूकही आणा. त्याचे मन वळणे घाईने उरकू नका, कारण माझ्या मते आशा तिथेच अंकुरते. शेवटी पाऊस मात्र पाडू नका. आडाच्या तळाशी वीतभर पाणी दिसले तरी पुरे.