नर्सिंग करून सोनोग्राफी करता येईल का?

नमस्कार ताई,

खानापूर तालुक्यातून आलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगी पीयूसी सेकंडला सायन्सला आहे. नणंदेची सून इंग्लंडमध्ये मिडवाइफ, म्हणजे बाळंतपणं करणारी शिकलेली सुईण आहे, तिथे गरोदर बायकांची सोनोग्राफी तीच करते, म्हणून मुलीनेही तेच मनावर घेतलंय. त्यातच बेळगावात कुणीतरी सांगितलं, बारावीनंतर सहा महिन्यांचा सोनोग्राफी डिप्लोमा केला की काम झालं. तो करू द्यावा की नर्सिंगला घालावं, असं तुम्ही विचारलंय.

आधी डिप्लोमाचं बोलू. पैसे भरले नसतील तर भरू नका. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे आपल्याकडे गरोदर बाईची सोनोग्राफी डॉक्टरनेच करायची असते: स्त्रीरोगतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट, नाहीतर त्याचं ठरावीक प्रशिक्षण घेतलेला एमबीबीएस. हे एमबीबीएसवाल्यांचं प्रशिक्षण सहा महिन्यांचं असतं, २०१४ च्या नियमांतलं. तेच ‘सहा महिने’ उचलून बारावीच्या पोरांना विकायचा हा धंदा दिसतो. नर्सला परवानगी नाही, टेक्निशियनला नाही, मेडिकल इमेजिंगची बीएस्सी केलेल्यालाही नाही. पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. कायदा केंद्राचा, त्यामुळे निपाणी ओलांडून कागलला गेलं तरी तोच लागू. ‘सही डॉक्टर करतील, तू नुसतं मशीन चालव’ असं पुढेमागे कुणी म्हणालं, तर मुलीने तिथे थांबू नये.

नणंदेची सून मात्र खोटं सांगत नाही. ब्रिटनमध्ये मिडवाइफ म्हणून नोंदणी झाल्यावर विद्यापीठाचा पदव्युत्तर अल्ट्रासाउंड कोर्स करता येतो, आणि मग स्कॅन करता येतात. बाराव्या आठवड्याच्या आसपास बाळाची लांबी मोजून बाळंतपणाची तारीख काढायची. विसाव्याच्या सुमाराला हृदयाचे कप्पे, मणका, ओठ एकेक करून तपासायचे. मंद उजेडाच्या खोलीत एक हात पोटावर फिरवायच्या प्रोबवर, एक बटणांवर. खांदे आणि मनगटं धरणं हे या कामातलं जुनं दुखणं. आणि ठोके दिसले नाहीत, तर ते त्या बाईला सांगायचंही असतं.

म्हणून मुलीला एकदा नीट विचारा, तिला मशीन आवडलंय की बाळंतपणाचं काम? मशीनच हवं असेल तर ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा द्यायची, एमबीबीएस करायचं आणि पुढे रेडिओलॉजी किंवा स्त्रीरोग. दहाएक वर्षांची वाट आहे. बेळगावात बिम्स आणि जेएनएमसी ही मेडिकल कॉलेजं आहेत. मार्क पडले तर लांब जायला नको.

बाळंतपणाचं काम हवं असेल, तर चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग. आणि ते सोनोग्राफीपेक्षा खालचं काम आहे असं घरात कुणी म्हणत असेल, तर त्यांना आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट सांगा. २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १६२० बायकांवर एक अभ्यास झाला. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखायला मिसोप्रोस्टॉलची गोळी द्यायची, आणि ती दिली एएनएम, म्हणजे खेड्यांत काम करणाऱ्या सहायक नर्स-मिडवाइफ सिस्टरांनी. नुसती दिखाऊ गोळी मिळालेल्यांत १२ टक्के बायकांना जास्त रक्तस्राव झाला, औषध मिळालेल्यांत ६.४ टक्के. २००६ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तिथे बाळंतपणाला हजर होत्या त्या सिस्टरच.

स्कॅन करता येत नाही म्हणून सिस्टरला काही कळत नाही असंही नाही. साधी इंची टेप घेऊन ती ओटीपोटाच्या हाडापासून गर्भाशयाच्या माथ्यापर्यंत मोजते. अठ्ठावीस आठवड्यांना साधारण अठ्ठावीस सेंटीमीटर भरायला हवं. तीन-चार सेंटीमीटर कमी भरलं, की ‘हिची सोनोग्राफी करून आणा’ असं आधी तीच म्हणते. पोट चाचपून डोकं खाली आहे की वर, हे तिच्या हाताला कळतं. हे कसब वर्गात बसून येत नाही.

पुढे शिकायचं असेल तर नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी हा अठरा महिन्यांचा कोर्स आहे. केंद्राने २०१८ मध्ये त्याची आखणी जाहीर केली. साधी बाळंतपणं स्वतःच्या जबाबदारीवर करणारी मिडवाइफ त्यातून घडवायची आहे. सोनोग्राफीची परवानगी मात्र त्यातूनही मिळत नाही.

इंग्लंडचं दार बंद नाही. पण तिथे नर्स आणि मिडवाइफ यांची नोंदणी वेगवेगळी होते. इंग्रजीची परीक्षा, कॉम्प्युटरवरची परीक्षा, मग प्रात्यक्षिक. पाठवणारे एजंट बहुतेक नर्स म्हणून नेतात आणि वॉर्डात लावतात. तेव्हा डिग्रीनंतर आयसीयूची चकचकीत नोकरी न धरता तिने लेबर रूममध्येच अनुभव घ्यावा. स्कॅनचा कोर्स त्यानंतरचा.

मुलीचं कन्नड कच्चं आहे, असं तुम्ही अगदी शेवटी, ओझरतं लिहिलंय. मला तीच मोठी अडचण वाटते. गोकाक-बैलहोंगलकडची बाई कळा देताना मराठीत ऐकून घेणार नाही, आणि इथल्या सरकारी नोकरीत तर कन्नडशिवाय पान हलत नाही. शेजारच्या कन्नड घरात रोज तासभर गप्पा मारायला पाठवलीत तरी सहा महिन्यांत फरक दिसेल.

कॉलेज बघायला जाल तेव्हा नर्सिंग कौन्सिलची मान्यता तपासा. मग तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींना बाजूला घेऊन विचारा: बाळंतपणं तुम्ही स्वतःच्या हाताने केलीत, की भिंतीला टेकून बघितलीत? ‘बघितली’ म्हणाल्या, तर दुसरं कॉलेज बघा.