सिटी व्हीटेकला टर्बो लावून ३०० हॉर्सपॉवर काढायचे आहेत. ब्लॉक गार्ड बसवू, सिमेंट भरू की स्लीव्ह टाकू?

तुमच्या प्रश्नात तीन मित्रांचे तीन सल्ले आहेत. एक म्हणतो ब्लॉक गार्ड ठोक, दुसरा म्हणतो वॉटर जॅकेटमध्ये (सिलेंडरभोवतीच्या पाण्याच्या जागेत) सिमेंट भर, तिसरा म्हणतो सरळ स्लीव्ह कर, म्हणजे सिलेंडरमध्ये नवी जाड नळी घाल. गाडी २००१ ची होंडा सिटी १.५ व्हीटेक. इंजिन उतरवून ठेवलंय. गाडी मुख्यतः ड्रॅग स्ट्रिपवर पळणार आणि अधूनमधून लोणावळ्यापर्यंत जाणार. हे काम पुण्यात होईल का, हेही तुम्ही विचारलंय. मी भोसरी एमआयडीसीत ब्लॉकच्या बोअरिंग-होनिंगचं (सिलेंडर आतून कापून-घासून मापात आणायचं) काम करतो, त्यामुळे ब्लॉकपुरतंच बोलतो.

३०० साठी माझं मत असं: गार्ड नको, सिमेंट नको, आणि भिंत मोजल्याशिवाय स्लीव्हचा निर्णय नको. पैसे आधी रॉड, पिस्टन, हेड स्टड आणि ट्यूनवर (इंधन आणि इग्निशनच्या सेटिंगवर) जाऊ द्या.

हा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, ओपन डेक आहे, म्हणजे हेड बसतं तो वरचा पृष्ठभाग (डेक) मोकळा. हेड काढून वरून बघितलंत तर बिडाच्या लायनरचे (आतल्या नळीचे) चार सिलेंडर एकमेकांना चिकटून एका रांगेत उभे दिसतील, आणि त्यांच्या चारही बाजूंनी पाण्याची मोकळी खाच. म्हणजे सिलेंडरला आधार खालून आहे, वरच्या टोकाला बाहेरच्या भिंतीचा आधार नाही. ट्रेमध्ये उभे ठेवलेले ग्लास असावेत तसं. होंडाने हे चुकून केलेलं नाही. डाय कास्टिंगमध्ये साचा वरून सरळ बाहेर ओढता येतो, क्लोज्ड डेकला, म्हणजे वरून बंद ब्लॉकला, वाळूचे कोअर लागतात. शिवाय सिलेंडरचा सगळ्यात तापणारा भाग म्हणजे वरचा, आणि तिथेच भरपूर पाणी फिरतं. मूळच्या १०६ हॉर्सपॉवरसाठी ही रचना उत्तम आहे. सुबारूने ईजे मालिकेत ओपन, सेमी-क्लोज्ड आणि क्लोज्ड असे तिन्ही डेक वापरले, आणि टोयोटाचं २जेझेड तर बिडाचं क्लोज्ड डेक. प्रत्येकाने कामाप्रमाणे निवड केलेली आहे.

टर्बोमुळे या उभ्या सिलेंडरचं काय होतं ते आकड्यात बघा. बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) ७५ मिमी, म्हणजे पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण ४४ चौरस सेंमी. ज्वलनाचा दाब १०० बारपर्यंत गेला तर पिस्टनवर साडेचार टनांचा भार येतो. हा दाब टीडीसीनंतर (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या बिंदूनंतर) १२-१५ अंशांवर शिखर गाठतो. तेव्हा रॉड थोडा तिरका झालेला असतो, म्हणून त्या भाराचा साधारण आठ टक्के भाग पिस्टन आडवा भिंतीवर टाकतो. ढोबळ हिशोबाने साडेतीनशे किलो, आणि तोही नेमका सिलेंडरच्या वरच्या, आधार नसलेल्या भागात, प्रत्येक पॉवर स्ट्रोकला. सिलेंडरचं टोक मायक्रॉनमध्ये का होईना, हलतं. हेड गास्केटची फायर रिंग (ज्वलनाचा दाब अडवणारी कडी) त्याच टोकावर बसलेली असते.

हे हलणं ब्लॉकवर डोळ्यांनी दिसतं. हेड उतरवल्यावर डेक पुसून काढा आणि तिरक्या उजेडात फायर रिंगचा ठसा बघा. निरोगी इंजिनात तो सगळीकडे सारख्या रुंदीचा, मळकट करडा असतो. सिलेंडर हलत असेल तर थ्रस्ट बाजूला (पिस्टन आडवा भार टाकतो त्या बाजूला) चंद्रकोरीसारखा चकचकीत पट्टा दिसतो, धातू धातूवर घासून पॉलिश झालेला. नख फिरवलं तर कधी कधी कड अडकते. इंजिन उतरवलेलंच आहे, तर आजच हे बघून घ्या. एकदाही बूस्ट (टर्बोचा दाब) न पाहिलेल्या इंजिनात तो पट्टा असायचं कारण नाही. असेल तर आधीच्या मालकाने काहीतरी केलेलं आहे, किंवा इंजिन कधीतरी जबरदस्त तापलेलं आहे.

आता तिन्ही सल्ले.

ब्लॉक गार्ड म्हणजे त्या मोकळ्या खाचेत वरून दाबून बसवायची ॲल्युमिनियमची कापलेली प्लेट. सिलेंडर आणि बाहेरची भिंत यांच्यामध्ये पाचर मारल्यासारखी बसते. कल्पना चुकीची नाही. पण ती घट्ट बसली तर बोअर आत ढकलला जातो आणि गोल राहत नाही. ढिली बसली तर काहीच काम करत नाही. शिवाय जिथे पाणी सगळ्यात जास्त हवं तिथेच आपण वाट अरुंद करतो. गार्ड ठोकून, नंतर बोअर न मापता इंजिन बांधलेलं मी पाहिलंय. डायल बोअर गेज आत सोडला तर वरच्या पट्ट्यात काटा इतका फिरत होता की रिंगने तिथे सील धरणं शक्यच नव्हतं. आधी गार्ड, मग बोअरिंग आणि होनिंग हाच एकमेव क्रम आहे. म्हणजे मशीनिंगचा खर्च वाचतच नाही, आणि हातात येतो तो अर्धवट आधार.

सिमेंट. बाहेर यासाठी न आकसणारा खास ग्राउट (सिमेंटसारखं भरण) मिळतो. मुळात ही ड्रॅगच्या बिडाच्या ब्लॉकची युक्ती आहे: धाव काही सेकंदांची, नंतर गाडी बंद, त्यामुळे पाणी कमी असलं तरी चालतं. अर्धं भरलं तर सिलेंडरचा खालचा भाग घट्ट होतो, पण तुमच्या ब्लॉकचं दुखणं वर आहे. ग्राउट डेकपर्यंत भरला तर ब्लॉकमधलं पाणीच गेलं, आणि लोणावळ्याला जायचंच नाही असं ठरवावं लागेल. खाली भरल्याने तिथली उष्णता पाण्याऐवजी ऑइलकडे जाते, म्हणून मोठा ऑइल कूलर लागतो. एप्रिलमध्ये, एसी चालू ठेवून, ट्रकच्या मागे खंबाटकी घाट चढताना त्या इंजिनाचं ऑइल कुठे जाईल याचा विचार करा. रस्त्यावर जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या ब्लॉकसाठी मी हे काम हातात घेत नाही.

स्लीव्ह हा खरा इलाज आहे, पण तो मोठा आहे. चांगल्या स्लीव्ह डक्टाइल आयर्नच्या असतात. साध्या बिडाची ताण सोसायची ताकद २००-२५० मेगापास्कलच्या घरात, डक्टाइलची त्याच्या दुपटीहून जास्त, आणि डक्टाइल तडकण्याआधी थोडं वाकतं. वरच्या टोकाला रुंद कॉलर असलेल्या स्लीव्ह घेतल्या तर कॉलर एकमेकींना आणि बाहेरच्या भिंतीला भिडतात आणि ओपन डेक जवळजवळ क्लोज्ड होतो. त्यासाठी मूळ लायनर पूर्ण खरवडून काढावे लागतात. ब्लॉक गरम करून, स्लीव्ह गार करून बसवाव्या लागतात, मग डेक फेसिंग, मग बोअरिंग, मग होनिंग. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या दुपटीने प्रसरण पावतं. म्हणून खालची बैठक अचूक कापली नसेल तर इंजिन गरम झाल्यावर स्लीव्ह शंभराव्या मिलिमीटरच्या हिशोबात खाली बसते, आणि हेड गास्केटमधून पाणी सुटायला लागतं. लोक गास्केट बदलत राहतात. दोष बैठकीत असतो.

पुण्यात हे होईल का, असं तुम्ही विचारलंय. ट्रक-ट्रॅक्टरचे लायनर बसवणारे हात भोसरी, चिंचवड, चाकणमध्ये भरपूर आहेत, आणि अचूक काम करणाऱ्या सीएनसीही आहेत. पण डिझेलचा बिडाचा ब्लॉक आणि पातळ ॲल्युमिनियमचा ब्लॉक ही दोन वेगळी कामं आहेत. शॉपमध्ये गेल्यावर एकच प्रश्न विचारा: टॉर्क प्लेट आहे का? हेडचे बोल्ट आवळले की ओपन डेकचा बोअर वेडावाकडा होतो. म्हणून होनिंग करताना हेडच्या जागी जाड प्लेट, त्याच स्टडने, त्याच टॉर्कला आवळून ठेवायची असते. प्लेट लावून आणि प्लेट काढून एकाच बोअरची दोन मापं घ्या, फरक समोर दिसेल. प्लेट नसेल तर ती बनवून घेता येते. ते पैसे गार्डच्या पैशांपेक्षा कितीतरी जास्त उपयोगाचे. ‘तशी गरज नसते’ असं उत्तर आलं तर ब्लॉक परत गाडीत टाका आणि दुसरं शॉप बघा.

आता जाडी. ओपन डेकमध्ये लायनरची कड वरून दिसते, तिथे व्हर्नियरने चार बाजूंनी मापा. खाली अल्ट्रासॉनिक थिकनेस गेज लागेल, आणि तो बिडासाठी कॅलिब्रेट केलेला हवा, कारण ॲल्युमिनियममध्ये आवाजाचा वेग वेगळा असतो. समजा बीड २.५ मिमी भरलं. १०० बारला भिंतीवर घेराच्या दिशेने येणारा ताण दाब गुणिले व्यास भागिले दुप्पट जाडी, म्हणजे १५० मेगापास्कल. ०.५० ओव्हरसाइज केलंत, म्हणजे बोअर अर्धा मिलिमीटर मोठा केलात, की प्रत्येक बाजूने पाव मिलिमीटर गेलं, ताण १६८. त्यात दाब १४० बार झाला तर २३५. बाहेरचं ॲल्युमिनियम काही भार उचलतं, त्यामुळे प्रत्यक्षात चित्र इतकं वाईट नाही, पण दिशा कळते. म्हणून टर्बोच्या इंजिनात ‘थोडा मोठा बोअर करू, पॉवर वाढेल’ हा मोह टाळा. बोअर साफ होईल तेवढंच कापा. बोअर ठीक असेल तर ७५ चेच फोर्ज्ड पिस्टन घ्या.

आणि दाब १४० वर जातो कशाने? बहुतेक वेळा नॉकिंगने, म्हणजे न जळलेलं मिश्रण आपोआप एकदम भडकल्याने. ७५ च्या बोअरमध्ये नॉकची लहर साधारण ७ किलोहर्ट्झने थरथरते. ती पिस्टनची रिंग लँड (रिंगांमधला कठडा) फोडते, गास्केट उडवते, आणि शेवटी लायनरला उभी चीर पाडते. फाटलेल्या लायनरच्या इंजिनाचे पिस्टन बाजूला ठेवून बघितले की कडेला वाळूने मारल्यासारखे बारीक खड्डे बहुधा सापडतातच. त्यामुळे सिलेंडर वाचवण्याचा स्वस्त मार्ग ट्यूनमध्ये आहे: इग्निशन मागे (ठिणगी थोडी उशिरा), मिश्रण योग्य, मोठा इंटरकूलर आणि चांगलं पेट्रोल. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचं एक्सपी१०० ज्या दहा शहरांत आणलं त्यांत पुणे होतं. ते वापरा, आणि ट्यून त्याच पेट्रोलवर करा.

मूळ रॉड आणि कास्ट पिस्टन ३०० च्या खूप आधी हात टेकतात. २०० च्या आसपास रॉडची काळजी सुरू होते. चांगल्या ट्यूनवर, फोर्ज्ड रॉड-पिस्टन टाकून, मूळ लायनरवर ३०० च्या जवळपास चालणारी होंडाच्या याच डी मालिकेची इंजिनं जगभर आहेत. तुमचं ध्येय उद्या ४०० होणार असेल, किंवा जाडी एका बाजूला जास्तच कमी भरली, तर मात्र आत्ताच स्लीव्ह करा. कारण फोर्ज्ड पिस्टन एका मापाचे घेऊन नंतर बोअर बदलणं म्हणजे तेच पैसे दोनदा घालणं.

लोणावळ्याबद्दल. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मनाने बदल करता येत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलंय. ही गाडी ट्रेलरवर घालून स्ट्रिपवर न्या. रस्त्यावर अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी याकडेच बोट दाखवेल.

ब्लॉक मशीनवर चढवण्याआधी डाय पेनिट्रंटने (चिरा दाखवणाऱ्या रंगाने) दोन बोअरच्या मधली जागा आणि हेड बोल्टच्या भोकांभोवतीचा भाग तपासून घ्या. मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने चिरा शोधायची पद्धत) ॲल्युमिनियमवर चालत नाही, त्यामुळे कोणी ते करून देतो म्हणाला तर नको म्हणा. हेड स्टडची भोकं टॅपने साफ करा, तळाशी ऑइल साचलेलं ठेवू नका. स्टड आवळताना तेच ऑइल दाबलं जाऊन ब्लॉक फोडतं. चारही सिलेंडरची जाडी आणि बोअरची मापं, वर-मध्ये-खाली, हातात आली की इथे टाका. ती बघून ओव्हरसाइज घ्यायचा की नाही आणि पिस्टन क्लिअरन्स किती ठेवायचा ते सांगतो.