पिक्चर ट्यूबचा टीव्ही सोडून एलईडीवर जुने गेम खेळायचे तर काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर मालवणला, २१ इंची जुना कलर टीव्ही पावसाळ्यात धूसर दिसतो म्हणून ४३ इंची ४के एलईडी घेतला. त्यावर पीएस२ (सोनीचं प्लेस्टेशन २) आणि लहानपणचा कॅसेटवाला टीव्ही गेम लावला, तर चित्र ताणलेलं, कडा दातेरी, आणि बटण दाबल्यावर मारिओ उशिरा उडी मारतो. ऑनलाइन मिळणारी पांढरी ‘एव्ही टू एचडीएमआय’ डबी घेऊ का?

डबी घेऊ नका. आणि जुना टीव्ही इतक्यात भंगारात काढू नका.

आधी त्या जुन्या टीव्हीचं बघू. चालू केल्यावर चित्र धूसर आणि पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप स्वच्छ होत असेल, तर ट्यूब बहुतेक शाबूत आहे. ट्यूबच्या मानेवर मागे एक सॉकेट बसतं. त्यातून फोकसचा काही हजार व्होल्टचा दाब ट्यूबमध्ये जातो. समुद्राकाठच्या दमट, खाऱ्या हवेत त्या सॉकेटच्या आत ओल धरते, दाब तिथेच गळतो आणि फोकस सुटतो. सेट तापला, ओल उडाली की चित्र जाग्यावर येतं. ट्यूब-टीव्हीवर हात बसलेल्या कुठल्याही मेकॅनिकला ‘ट्यूबचं सॉकेट बदला’ एवढं सांगितलं तरी पुरतं. पार्ट किरकोळ किमतीचा असतो, फक्त पिनांची रचना आणि मानेची जाडी जुळायला हवी, म्हणून जुनं सॉकेट काढून दुकानात दाखवायचं. हे काम स्वतः करू नका. ट्यूबवर २०-२५ हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते बराच वेळ तसेच राहतात. उलट, तासभर चालवूनही चित्र फिकट राहत असेल आणि पांढऱ्या भागांतून रंग ओघळल्यासारखा दिसत असेल, तर ट्यूबच थकली आहे. तिच्यावर पैसे घालू नका.

आता एलईडीवर नेमकं काय बिघडतं ते बघू. आपल्याकडचे टीव्ही गेम पाल (PAL, आपल्या टीव्ही प्रक्षेपणाची जुनी पद्धत) पद्धतीचे, सेकंदाला ५० चित्रं, म्हणजे ५० हर्ट्‌झ. कॅसेटवाला गेम प्रत्येक वेळी साधारण २८८ ओळींचं अख्खं चित्र पाठवतो (अमेरिकी-जपानी ६० हर्ट्‌झ मशिनमध्ये २४० ओळी). नव्या टीव्हीला पिवळ्या (एव्हीच्या चित्राच्या) वायरीतून असं काही येईल ही अपेक्षाच नसते. तो त्याला ५७६ ओळींच्या चित्राचा अर्धा भाग समजतो आणि दोन वेगळी चित्रं एकमेकांत गुंफायला बघतो. दातेरी कडा तिथून येतात. मार लागल्यावर लुकलुकणारा गडी एक तर दिसेनासा होतो नाही तर लुकलुकायचा थांबतो, हेही त्यामुळेच. ही गुंफण करायला टीव्ही काही चित्रं अडवून ठेवतो, म्हणून उडीला उशीर होतो. म्हणजे खोट पॅनलची कमी आणि जुना सिग्नल वाचणाऱ्या भागाची जास्त. तो भाग टीव्हीकडून काढून दुसऱ्याकडे द्यायचा, सगळा उपाय एवढ्यातच आहे.

पांढरी डबी हे काम घेते, पण तेवढंच वाईट करते. तीही २८८ ओळींना अर्धंच चित्र समजते, ४:३ चं चौकोनी चित्र ताणून १६:९ असं रुंद करते आणि ५० हर्ट्‌झचं ६० करताना दर पाच चित्रांमागे एक चित्र दोनदा दाखवते. बाजूला सरकणाऱ्या गेममध्ये सेकंदाला दहा बारीक झटके बसतात. तिच्यावरचं ७२०-१०८० चं बटण यातलं काहीच सुधारत नाही.

खर्चाकडे वळण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये फुकटात काय सुटतं ते बघा. गेम मोड चालू करा. बऱ्याच टीव्हींत तो बंद असताना ५० ते १०० मिलिसेकंद उशीर असतो, चालू केल्यावर १०-२० वर येतो. चित्राचा आकार ४:३. शार्पनेस शून्य, नॉइज रिडक्शन आणि मोशन स्मूदिंग बंद. एचडीएमआयवर ओव्हरस्कॅन (चित्राच्या कडा कापणं) बंद करा. त्याचं नाव कंपनीप्रमाणे ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ वगैरे असतं. एक मेख आहे: काही स्वस्त टीव्हींत गेम मोड फक्त एचडीएमआयला लागू होतो, एव्हीला नाही.

एव्हीची जागा हल्ली हेडफोनसारख्या बारीक भोकाची असते आणि निम्मे लोक इथेच अडकतात. पिनवरच्या चार कड्यांचा क्रम कंपनीगणिक वेगळा असतो. दुसऱ्या टीव्हीची वायर लावली की पिवळ्यातून आवाज येतो आणि लालमधून चित्र. चित्र आलं नाही तर गेमची पिवळी पिन आळीपाळीने लाल आणि पांढऱ्यात लावून बघा. कुठे चित्र आलं, तर फक्त अदलाबदल आहे, तशीच वापरा. नुसती घरघर आली तर ग्राउंडच चुकीच्या कडीवर आहे, त्या टीव्हीची योग्य वायरच घ्यावी लागेल. ज्या टीव्हीला हिरवी-निळी-लाल कॉम्पोनंट भोकं आहेत, त्यात एव्हीची पिवळी पिन बहुधा हिरव्यातच लागते. कॉम्पोनंट जोडून चित्र काळं-पांढरं आलं, तर टीव्ही अजून एव्हीवर आहे, सोर्स बदला.

पीएस२ चं काम त्या मानाने सोपं. तिच्यातून कॉम्पोनंट निघतं आणि ते पिवळ्या वायरीपेक्षा कितीतरी स्वच्छ असतं. क्रम चुकवू नका. आधी जुन्या पिवळ्या वायरीवरच डिस्कशिवाय चालू करा, सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये ‘कॉम्पोनंट व्हिडिओ आउट’ आहे, तिथे आरजीबी सोडून दुसरा, वाय-पीबी-पीआरचा पर्याय निवडा, मग वायर बदला. आरजीबीवर राहिलं तर सगळे रंग भलतेच येतात आणि लोक वायर खराब म्हणून परत करतात. पाल डिस्कच्या बऱ्याच गेममध्ये सुरुवातीला ५० की ६० हर्ट्‌झ विचारतात. ६० घ्या; खेळ मूळ वेगाने चालतो आणि वर-खालच्या काळ्या पट्ट्या जातात. काही गेम सुरू होताना त्रिकोण आणि क्रॉस दाबून धरले की ४८०पी (न गुंफलेलं, ४८० ओळींचं अख्खं चित्र) देतात. मिळालं तर तेच वापरा, कारण मग टीव्हीला गुंफायला काही उरतच नाही.

पण त्याच पीएस२ मध्ये पीएस१ ची डिस्क घातली की कॉम्पोनंटवर ‘नो सिग्नल’ येऊ शकतं. मशिन बिघडलेली नसते. पीएस१ चे गेम २४० किंवा २८८ ओळींचे आणि पुष्कळ टीव्ही कॉम्पोनंटवर ते घेतच नाहीत. पीएस२ च्या मागे थेट बसणाऱ्या छोट्या एचडीएमआय अडॅप्टरचंही तसंच. तो चित्र सुधारत नाही, नुसतं डिजिटल करून पुढे ढकलतो. पीएस२ च्या गेमपुरता तो ठीक आहे, आणि नव्या टीव्हीला कॉम्पोनंट नसेल तर पहिला तोच घेऊन बघा.

कॅसेटवाल्या गेमला पर्याय कमी, कारण त्यातून एक तर पिवळी वायर निघते किंवा अँटेनाची, बाकी काही नाही. अँटेना वायर विसरा. पिवळ्या वायरीसाठी मला पटणारं यंत्र म्हणजे रेट्रोटिंक २एक्स. ते २८८ ओळींना ओळखतं, प्रत्येक ओळ दोनदा लिहून ५७६ करतं आणि अख्खं चित्र साठवत नसल्यामुळे उशीर जवळजवळ शून्य. आपल्या टीव्हींना ५० हर्ट्‌झचं ५७६पी चालतं. त्याची मर्यादा पीएस२ ला कळते: गुंफलेलं चित्र ते साध्या पद्धतीने सोडवतं, त्यामुळे बारीक अक्षरं थरथरतात. ते रेट्रोटिंक ५एक्स नीट करतं. रेट्रोटिंक ४के त्याहून वरचं, ट्यूबच्या जाळीचा भास हुबेहूब देतं, पण निघाला तेव्हाच ७५० डॉलरचा होता आणि वर कस्टम ड्युटी. तेवढ्यात दुसरा टीव्ही येईल. ओएसएससीचं नावही तुमच्या वाचनात येईल. उत्तम यंत्र आहे, पण पिवळी वायर घेतच नाही, तेव्हा कॅसेटच्या गेमला उपयोग नाही.

सोल्डरिंग येत असेल तर पीएस२ साठी जीबीएस-८२०० हा स्वस्त बोर्ड घ्या आणि त्यावर ईएसपी८२६६ हा छोटा वायफाय कंट्रोलर जोडून जीबीएस-कंट्रोल हे सॉफ्टवेअर चढवा. ईएसपीचा डी१ बोर्डच्या एससीएलला, डी२ एसडीएला, डी६ डीबग पिनला, ग्राउंड ग्राउंडला, आणि बोर्डवरचा मूळ कंट्रोलर जंपर लावून गप्प करायचा. हा जंपर राहून गेला तर दोघे एकाच चिपला हुकूम सोडतात आणि चित्र येतं-जातं. बोर्ड व्हीजीए देतो, त्यामुळे जुना मॉनिटर थेट चालतो.

मॉनिटरवरून सांगतो: कणकवली-कुडाळच्या सेकंडहँड कॉम्प्युटरवाल्यांकडे ऑफिसातून निघालेले १७-१९ इंची चौकोनी एलसीडी मिळाले तर हातचे सोडू नका. त्यांचं रिझोल्यूशन १२८०×१०२४. कॅसेटच्या गेमचं चित्र मुळात २५६×२४० (पालच्या २८८ ओळींतल्या बाकीच्या रिकाम्या असतात). रुंदी पाचपट, उंची चौपट केली की १२८०×९६०, नेमकं ४:३, वर-खाली ३२-३२ ओळी काळ्या. कुठलाही ठिपका अर्धामुर्धा होत नाही. फुल एचडी टीव्हीवर हे जमत नाही, १०८० ला २४० ने भागलं की साडेचार येतात. तुमच्या ४के वर मात्र नऊ येतात, पूर्ण. ३२ इंची ‘एचडी रेडी’ टीव्हीचं पॅनल बहुधा १३६६×७६८ असतं, तिथे तर ७२० ओळीही पुन्हा ताणल्या जातात.

खरं सांगायचं तर कॅसेटच्या गेमसाठी एवढा खटाटोप करण्यापेक्षा रासबेरी पाय (हातात मावणारा छोटा कॉम्प्युटर) किंवा घरातला जुना पीसी बरा. रेट्रोआर्च हे इम्युलेटरचं (जुन्या मशिनची नक्कल करणारं) सॉफ्टवेअर टाका, त्यात कॅसेटच्या गेमसाठी मेसेन किंवा नेस्टोपिया. एक सेटिंग कुणी सांगत नाही: रिजन ‘ऑटो’ ठेवलं की गेम ६० हर्ट्‌झच्या मूळ वेगाने पळतात आणि ‘हे आपल्यासारखं वाटत नाही’ अशी तक्रार येते. आपले ५० हर्ट्‌झचे क्लोन (मूळ मशिनच्या नकला) सुमारे १७ टक्के हळू चालायचे. रिजन ‘डेंडी’ (तशाच एका ५० हर्ट्‌झ क्लोनचं नाव) करा आणि टीव्हीचं आउटपुट ५० हर्ट्‌झ, म्हणजे लहानपणचा वेग परत. उशीर घालवायला रन-अहेड (गेम एक-दोन चित्रं पुढे चालवून ठेवणारी सेटिंग) वापरा: कीबोर्डवर पी दाबून गेम थांबवा, उडीचं बटण धरून ठेवा आणि के दाबत एकेक चित्र पुढे न्या. मारिओ दुसऱ्या दाबाला हलला तर रन-अहेड १, तिसऱ्याला हलला तर २. त्यापेक्षा जास्त लावलं की गडी उड्या मारताना चित्रं गाळतो. ट्यूबसारखं दिसायला शेडर (चित्रावर चढवायचा फिल्टर): पायवर सीआरटी-पाय, चांगल्या पीसीवर सीआरटी-रॉयल, पण जाळी खरी वाटायला ४के हवंच.

बंदूक मात्र विसरा. बदकं मारायची बंदूक ट्यूबचा प्रकाश ठरावीक क्षणी पडला की नाही ते पाहते. एलईडीवर तो क्षण उशिरा येतो, नेम कितीही बरोबर असला तरी चुकतो, आणि कुठलाही कन्व्हर्टर हे सोडवत नाही. गणपतीत चाकरमान्यांची पोरं तीच मागणार, तेवढ्यासाठी तरी २१ इंची दुरुस्त करून ठेवा. इम्युलेटरवर सिंडेन नावाची कॅमेऱ्याची बंदूक चालते, पण ती वेगळी घ्यावी लागते.

आपल्या हवेचं राहिलं. कॅसेटमध्ये फुंकर मारायची सवय सोडा. थुंकीची ओल आणि खारा वारा मिळून पट्ट्यांवर हिरवा गंज धरतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी, पट्टीच्या लांबीच्या दिशेने पुसा आणि दहा मिनिटं वाळू द्या. खोडरबर शेवटचा उपाय, सोन्याचा थर निघतो. पिवळ्या-लाल पिना सैल न ठेवता महिन्यातून एकदा काढून घाला. मशिन आणि कॅसेटी पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत, पीएस२ च्या डिस्का वेगळ्या, नाहीतर बुरशी धरते. ट्यूब-टीव्ही जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोज अर्धा तास लावा. त्यातून सुं-सुं आवाज आणि उग्र वास येऊ लागला तर लगेच बंद करा, ईएचटीवर (ट्यूबला हजारो व्होल्ट देणाऱ्या भागावर) ठिणगी पडते आहे.

मिरगाच्या आधी आणि हस्ताच्या पावसात गडगडाट सुरू झाला की प्लग भिंतीतून काढायचा, डिशची वायरही. एलईडी पुष्कळदा जळतो तो एचडीएमआयच्या भोकातून, सेट-टॉप बॉक्सच्या वायरीतून आलेल्या दाबाने.

ट्यूब शेवटी गेलीच, तर ती फोडून तांबं काढणाऱ्याला देऊ नका, काचेत शिसं असतं. अधिकृत ई-कचरा घेणारा बघा, आणि देण्याआधी सॉकेट नवं घातलं असेल तर मेकॅनिककडून काढून ठेवा.