विझार्ड म्हणजे दीडशहाणा

वडोदऱ्याच्या एका चित्रकार वाचकाचा प्रश्न: 'फँटसी रोलप्लेइंग खेळासाठी पात्रांची चित्रं काढतो आहे, खाली मराठी नावं द्यायची आहेत. विझार्डच्या चित्राखाली जादूगार लिहू की मांत्रिक?'

दोन्ही नको. आणि 'जादुगर' तर मुळीच नको. रावपुरा असो की दांडिया बाजार, मराठी घरांतूनही हल्ली सर्रास 'जादुगर' ऐकू येतं. तो गुजराती-हिंदी उच्चार. फारसी 'गर' मराठीत येताना 'गार' होतो: शिकलगार, जादूगार. (सौदागरासारखे काही सुटले.)

जादूगार नको, कारण तो रंगमंचावरचा. जादूगार रघुवीर, के. लाल यांची ती जात: झगमगीत पोशाख, हातचलाखी, तिकीट काढून बसलेले प्रेक्षक. आपले इंग्रजी-मराठी कोश मॅजिशियन, कॉन्जरर, सॉर्सरर, विझार्ड या सगळ्यांपुढे डोळे मिटून 'जादूगार' छापतात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अशाच खेळाच्या 1978 च्या नियमपुस्तकात या पात्राला दर पायरीला नवी पदवी होती. तिसरीला कॉन्जरर, सहावीला मॅजिशियन, आठवीला वॉरलॉक, नववीला सॉर्सरर आणि अकरावीला, कुठे एकदाचा, विझार्ड. कोशकारांच्या हिशेबाने बिचाऱ्याने अकरा पायऱ्या चढायच्या आणि जादूगारचा जादूगारच राहायचं! वर्गाचं, म्हणजे पात्राच्या प्रकाराचं, नाव म्हणून 'विझार्ड' आलं ते 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत.

मांत्रिक नको, कारण खेळाचे नियमच आड येतात. क्लेरिक, म्हणजे खेळातला पुरोहित, प्रार्थना करून दैवताकडून मंत्र मिळवतो. मांत्रिक म्हणायचंच तर त्याला म्हणा. विझार्ड दैवताच्या दारात जात नाही. तो पोथी उघडून मंत्र पाठ करतो.

आता 'जादू हा यावनी शब्द, म्हणून ऐंद्रजालिक लिहा' असं बजावणारे शुद्धिवाले. त्यांनी ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातलं 104 वं सूक्त काढावं. फारसी 'जादू', अवेस्तातला 'यातु' आणि वेदातला 'यातु' ही एकाच घरातली भावंडं. त्या सूक्तात ऋषी शपथ घेतो: 'अद्या मुरीय यदि यातुधानो अस्मि', मी यातुधान, म्हणजे चेटूक करणारा, असेन तर आजच मरेन. परंपरा हे उद्गार वसिष्ठांच्या तोंडी घालते. पांढरी दाढी, हातात दंड, अंगात झगा एवढंच काढून थांबलात तर चित्र वसिष्ठांचं होईल, आणि खालचं 'जादूगार' वाचून ते चिडतील ते वेगळंच.

खरी गंमत 'विझार्ड'च्या पोटात आहे. 'वाइज' म्हणजे शहाणा, त्याला 'आर्ड' हा प्रत्यय. हाच प्रत्यय 'ड्रंकर्ड'मध्ये आहे, 'कॉवर्ड'मध्ये आहे. जिथे लागतो तिथे बहुतेक नाक मुरडूनच लागतो. तेव्हा विझार्ड म्हणजे नुसता शहाणा नव्हे, नको इतका शहाणा. सुरुवातीला हा शब्द पंडितांसाठीच होता आणि पुष्कळदा कुत्सितपणे वापरला जाई. याला मराठीत तयार शब्द आहे: दीडशहाणा. वडोदऱ्यात तर समजावून सांगायलाही नको, शेजारचे गुजराती 'दोढडाह्यो' म्हणतातच. अर्ध्याचा हिशेबसुद्धा तोच.

यावर कुणी म्हणेल, शहाण्याचा आणि मंत्रतंत्राचा काय संबंध? उत्तरेकडच्या खेड्यांत भूत उतरवणाऱ्याला 'सयाना' म्हणतात. सयाना, गुजराती शाणो आणि आपला शहाणा हे तिघेही 'सज्ञान'चे वंशज. म्हणजे शहाण्याकडून मंत्रतंत्राकडे जाणारी वाट इंग्रजीने तिकडे चालली आणि हिंदीने इकडे. शिवाय 'वाइज'चं मूळ तेच, जे आपल्या 'विद्' धातूचं. वेद, विद्वान आणि विझार्ड एकाच पंगतीचे. म्हणून 'विद्वान' सुचवणारेही भेटतात. पण त्यात तो 'आर्ड'चा चिमटा कुठे आहे?

चित्रालाही 'दीडशहाणा'च लागू पडतो. ज्ञान अंगाखांद्यावर लटकवून हिंडणारा माणूस, हे या पात्राचं सार. खेळाच्या साडेतीन (3.5) आवृत्तीत मंत्रपोथी 100 पानांची आणि तीन पौंडांची, म्हणजे सव्वा किलोच्या वर. कमरेला अडकवली असेल तर पट्टा त्या बाजूला ओढलेला दिसायला हवा. मंत्र जितक्या पातळीचा तितकी पानं खातो, नवव्या पातळीचा एकच मंत्र नऊ पानं. मुरलेल्या विझार्डकडे एकच पोथी काढणं ही चूक. पट्ट्याला घटकद्रव्यांची थैली हवीच: आगीच्या गोळ्याला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक, विजेच्या लोळाला केसाळ कातड्याचा तुकडा आणि काचेची कांडी. मंत्राच्या मुद्रेसाठी एक हात रिकामा लागतो. तेव्हा एका हातात काठी, दुसऱ्यात मशाल आणि वर मंत्र सुटतो आहे, असं चित्र जाणकार खेळाडू हाणून पाडतो. चिलखत टाळा. त्याच आवृत्तीत अखंड पोलादी चिलखतात मंत्र फसण्याची शक्यता 35 टक्के, साध्या चामड्याच्यातही 10. उघड्या अंगाचा म्हणून समूहचित्रात त्याची जागा ढालवाल्याच्या मागे. टोकदार टोपी नियमांत कुठेच नाही. आवडत असेल तर काढा, वाऱ्याने उडेल ती तुमची जबाबदारी.

दाढीचा आग्रह तिसऱ्या आवृत्तीने मोडलाच. तिथली नमुन्याची विझार्ड मायली ही एल्फ, म्हणजे टोकदार कानांच्या कल्पित जमातीतली, बाई. दाढी नाही, पोथी आणि थैल्या मात्र आहेत. इथेही माझा शब्द बिनतक्रार चालतो: दीडशहाणी. 'जादूगारीण' लिहून बघा, चेटकीण शेजारी येऊन बसते की नाही ते.

ता. क. यादीत पुढे वॉरलॉक असेलच. जुन्या इंग्रजीत तो शब्द वचन मोडणाऱ्याचा, आणि खेळातला वॉरलॉक मात्र कुणा बलाढ्य शक्तीशी करार करूनच मोठा होतो. त्याच्याखाली 'करारी' लिहा. चेहरा तसाच काढलात तर दोन्ही अर्थ लागतील.